रामेश्वरमचा वारा आणि पहिली उडी

२ जून २०२५ला रामेश्वरमच्या उथळ पाण्यात मला पहिल्यांदा बॅक रोल जमला. बॅक रोल म्हणजे काइटच्या ओढीने पाण्यावरून उचललं जायचं, हवेत पाठीकडून एक पूर्ण गिरकी घ्यायची, परत बोर्डवर उतरायचं आणि न थांबता पुढे जायचं. काइटसर्फिंग म्हणजे कंबरेला जोडलेल्या मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं. ते शिकायचं ठरवलं तेव्हा मी बऱ्याच जणांना तेच ते प्रश्न विचारत होते. पोहता किती यायला हवं? पैसे किती लागतात? चाळिशीतल्या बाईला झेपेल का? हे प्रश्न आणखी कुणाला पडले असतील तर उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. याआधीचा माझा व्यायाम म्हणजे महापालिकेच्या तलावातलं पोहणं आणि जमेल तेव्हा सिंहगड.

सगळ्यात आधी वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. या खेळाला साधारण १२ नॉटच्या पुढचा, एका दिशेने सलग वाहणारा वारा लागतो. शिकायला १५ ते २० नॉट उत्तम. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. गोव्यात मोरजी-अश्वेला फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पण तो बहुधा सौम्य असतो. कोकणात जोराचा वारा येतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा अरबी समुद्रात नवख्याने उतरायचा विचारही करू नये. रामेश्वरमचं बेट मात्र पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात यांच्यामध्ये आहे. एप्रिल ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आणि डिसेंबर ते मार्च ईशान्येचा, असे तिथे दोन हंगाम मिळतात. जमीन इतकी चिंचोळी आहे की एका बाजूला लाटा असल्या तरी दुसऱ्या बाजूला सपाट पाणी सापडतं. शिक्षकांची उन्हाळी सुट्टी बरोबर पहिल्या हंगामात येते, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्नच उरला नाही.

पण २०२४च्या मे महिन्यात लोकसभेची निवडणूक होती. पुण्यात १३ मेला मतदान, आणि माझी मतदान केंद्रावर नेमणूक. त्याआधी प्रशिक्षणं, मग आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेणं, मतदानाच्या रात्री ते परत जमा करणं. हे संपल्यावर मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘खासगी काम’ लिहिलं, पत्ता आणि फोन नंबर दिला, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवली. शिक्षक असाल तर ही प्रत घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. २१ मेला बारावीचा निकाल लागला, त्यानंतरच मला निघता आलं.

दुसरा कागद विम्याचा. माझ्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत ‘साहसी खेळ’ अपवादांच्या यादीत होते. कॉल सेंटरवर दोनदा वेगवेगळी उत्तरं मिळाली, म्हणून शेवटी ईमेलवर लेखी उत्तर मागवलं. ते यायला आठवडा लागला आणि उत्तर ‘नाही’ असं होतं. मग साहसी खेळ धरणारी वेगळी प्रवास पॉलिसी काढली, तिचे साधारण १,४०० रुपये पडले. पॉलिसीत ‘वॉटर स्पोर्ट्स’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यात काइटसर्फिंग येतं का, हे नावानिशी विचारून घ्या. शिकवणाऱ्या केंद्राचाही एक फॉर्म असतो. आजार, औषधं, जुन्या दुखापती, पोहता येतं का, अडचणीत कुणाला फोन करायचा, आणि शेवटी जोखीम मान्य असल्याची सही. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ते लिहिल्यावर त्यांनी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून लगेच दिलं. हे लपवू नका. पाण्यात चक्कर आली तर तुमच्यासोबत शिक्षकाचाही जीव टांगणीला लागतो.

सासूबाईंना बेत सांगितला तेव्हा त्यांनी देवघरातला गंगेचा गडू काढून दिला. “रामेश्वरला निघालीच आहेस तर एवढं अभिषेकाला घाल. आणि येताना सेतूची वाळू आण.” त्या वर्षी काशीला जाऊन आल्या होत्या, त्यामुळे यात्रेचा पुढचा अर्धा भाग माझ्याकडे आला.

पांबनचा १९१४ सालचा रेल्वेपूल डिसेंबर २०२२पासून बंद होता, त्यामुळे २०२४मध्ये रेल्वेने थेट बेटावर जाता येत नव्हतं. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने रामनाथपुरम आणि पुढे रस्त्याच्या पुलावरून बस. विमानाने यायचं तर जवळचा विमानतळ मदुराई, तिथून साधारण १७० किलोमीटर. मेच्या अखेरीस पोचले तेव्हा धक्क्याजवळ ट्रॉलर ओळीने नांगरलेले होते. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते.

माझा शिक्षक तिथल्याच मच्छीमार घरातला, पंचविशीतला मुलगा. तो मला पहिल्या क्षणापासून ‘अक्का’ म्हणू लागला. आमची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं हिंदी आणि बरेचसे हातवारे. पहिल्या दिवशी बोर्ड दिसलासुद्धा नाही. वाळूवर उभं राहून एक छोटा सराव-काइट उडवायचा, एवढंच. मला वाटलं होतं हा भाग पटकन आटपेल, पण सगळा खेळ इथेच शिकायचा असतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर घुमटासारखा एक भाग तयार होतो, त्याला वाऱ्याची खिडकी म्हणतात. डोक्यावर १२ वाजलेले, डाव्या हाताला ९, उजव्या हाताला ३. काइट या घड्याळाच्या कडेवर असला की ओढ कमी, आणि समोर मधोमध खाली आला की ओढ एकदम वाढते. संक्रांतीच्या पतंगाची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं, तिथे ढील दिली की पतंग वाहवत जातो आणि खेचला की चढतो. इथे दोरी तेवढीच राहते आणि हातातला बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला दांडा, जवळ ओढला की ताकद वाढते, लांब सोडला की कमी होते. घाबरल्यावर माणूस हातातली वस्तू छातीशी घट्ट धरतो आणि तेच इथे नको असतं. “अक्का, हात सोडा,” हे वाक्य मी स्वप्नात ऐकत होते. बार पूर्ण सोडला तरी तुम्ही हार्नेसने, म्हणजे कंबरेच्या रुंद पट्ट्याने, जोडलेले असता, काइट कुठे जात नाही.

खरा काइट हाती आला तेव्हा त्याआधी अर्धा तास सुरक्षिततेची उजळणी झाली. पंपाने पुढची नळी आणि आडव्या फासळ्या टणक भरायच्या, साधारण २० ते २४ मीटरच्या चार दोऱ्या एकमेकींत न गुंतता पसरायच्या, डाव्या-उजव्याची खात्री करायची. पुढून फुगवता येणारा हा काइट ही फ्रान्सच्या लेगायनू बंधूंची देन. १९८४मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, कारण कापडी काइट पाण्यात पडला की परत उठत नसे. फुगवलेली नळी तरंगते, म्हणून एकट्याने पाण्यात उभं राहून एका बाजूची दोरी ओढून काइट पुन्हा उडवता येतो. मग क्विक रिलीज. पोटापाशी असलेली लाल मूठ पुढे ढकलायची की काइटची सगळी ताकद जाते आणि तो एका दोरीवर लोळत राहतो. ते डोळे मिटून करायला लावलं, डाव्या हाताने आणि उजव्याही. किनाऱ्यावर कुणी हाताने डोकं थोपटताना दिसलं तर त्याला काइट खाली उतरवायचा आहे, धावत जाऊन पकडायचा.

पाण्यातला पहिला टप्पा म्हणजे बॉडी ड्रॅग. बोर्डशिवाय, पोटावर पडून काइटच्या मागे ओढलं जायचं. नाकातोंडात खारं पाणी जातं, पण एक हात सुकाणूसारखा पाण्यात खुपसून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तिरकं सरकता आलं की मोठा दिलासा मिळतो, कारण सुटलेला बोर्ड परत गाठायची तीच एक युक्ती आहे. पोहण्याबद्दल विचाराल तर दोनशे मीटर न थांबता आणि खोल पाण्यात न घाबरता तरंगणं, एवढं घरून करून जा. रामेश्वरमला शिकण्याच्या जागी पाणी कंबरेएवढं आहे, म्हणून तिथे नवख्यांची प्रगती लवकर होते. तरी लाइफ व्हेस्ट आणि हेल्मेट हवंच. हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, त्यावर शिक्षक किनाऱ्यावरून बोलत राहतो.

मग सेल्फ-रेस्क्यू. वारा पडला किंवा काही तुटलं तर दोऱ्या बारभोवती गुंडाळत काइटपर्यंत जायचं आणि त्याच काइटचा शिडासारखा उपयोग करून किनारा गाठायचा. हे दमवणारं आणि कंटाळवाणं काम आहे. काही केंद्रं ते तोंडी सांगून उरकतात असं इतर शिकणाऱ्यांकडून ऐकलं. तुम्ही अडून बसा. पाण्यात करून दाखवा म्हणा, स्वतः करून बघा.

वॉटर स्टार्टला बहुतेकांचे सगळ्यात जास्त दिवस जातात, माझेही गेले. पाण्यात बसून पाय बोर्डच्या पट्ट्यांत, काइट १२ वर, मग ज्या बाजूला जायचं त्या बाजूला जोरात खाली. ओढ आली की गुडघे दुमडलेलेच ठेवून उठायचं, नाहीतर काइट तुम्हाला बोर्डवरून पुढे उपटतो. एका दुपारी उठले आणि तशीच पुढे जात राहिले. कानात “गुड, अक्का, गुड” चालू होतं. उभी होते तेवढा वेळ डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. निकाल नाही, पेपर नाही, घर नाही.

दहा तासांच्या त्या कोर्सचे, साहित्यासकट, ३२,००० रुपये दिले. राहणं-जेवण दिवसाला २,००० च्या आसपास. शेवटी आयकेओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत माझी दुसरी पातळी चढली. तुमचीही नोंद ऑनलाइन झाल्याची खात्री करूनच निघा, कारण पुढे दुसऱ्या गावी काइट भाड्याने घ्यायचा तर तीच विचारतात. आणि वारा नसलेल्या दिवशी मी अभिषेक करून आले. बावीस तीर्थांचं स्नान केल्यावर ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, कोरडा जोड पिशवीत ठेवा.

पुढचे काही महिने पुण्यात गेले. एका ओळखीच्यांकडून सराव-काइट आणला होता, तो मोकळ्या मैदानात रविवारी सकाळी उडवायचे. तारा आणि झाडं नसलेलं मैदान शोधणं हाच मोठा उद्योग. मार्चअखेर मोरजीला शनिवार-रविवार जोडून गेले. वारा १२ नॉटच्या आसपास, १२ चौरस मीटरचा मोठा काइट, आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन तास पाण्यात. पण वाऱ्याच्या वर चढणं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं जाणं, मला तिथे कळलं. त्याआधी जिथून निघायचे त्याच्या बरीच खाली जाऊन लागायचे आणि बोर्ड काखेत मारून वाळूतून परत चालत यायचे. हलक्या वाऱ्यात घाई करून भागत नाही. काइट ४५ अंशांवर स्थिर ठेवून, नजर जायचंय तिकडे आणि वजन टाचांवर टाकून बोर्डची मागची कड पाण्यात रुतवायची. मोरजीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे दोरी लावून राखलेल्या भागात दोऱ्या पसरू नका.

२०२५मध्ये बारावीचा निकाल ५ मेलाच लागला, त्यामुळे सुट्टी मोकळी मिळाली. ६ एप्रिलला नवा पांबन पूल सुरू झाला होता, तेव्हा या वेळी चेन्नईहून रेल्वे थेट रामेश्वरमपर्यंत. पूल २ किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि जहाजांसाठी त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. गाडी सावकाश जाते, खिडकीतून पाण्यावरच्या रेघा पाहून वाऱ्याची दिशा ओळखता आली याचा मला फार आनंद झाला. सोबत स्वतःचं सामान होतं. शिक्षकाच्या ओळखीने घेतलेला ९ चौरस मीटरचा जुना काइट आणि बार ४८,००० रुपये, जुना बोर्ड २०,०००, हार्नेस मात्र नवा, १४,०००. जुना काइट घेताना तो फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तसाच टणक असेल तर घ्या. हार्नेसची काटकसर करू नका. बायकांच्या मापाचा वेगळा मिळतो, तो वर सरकून बरगड्यांना घासत नाही. बोर्डची पिशवी बर्थखाली मावत नाही, म्हणून वरचा बर्थ मागून घेतला आणि ती भिंतीकडेला कडेवर ठेवून झोपले.

पहिले काही दिवस वारा नव्हता. ॲपवर १६ दिसायचं, किनाऱ्यावर झाडाचं पानही हलायचं नाही. सुट्टी मोजून घेतलेली, तासाचे पैसे ठरलेले, अशा वेळी चिडचिड होते. ज्या दिवशी वारा नसेल त्याचे पैसे पुढे वळवतात की बुडतात, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. त्या दिवसांत शिक्षकाने मला वाळूत उभं करून उडीची एकेक हालचाल करून घेतली, दोरी झाडाला बांधून.

उडीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण लांबून पाहताना वाटतं की काइट माणसाला उचलतो. तसं नाही. आधी तुम्ही पाण्याला धरून ठेवता, मग सोडता. वेगात जात असताना काइट ११ वर, म्हणजे मी डावीकडे जात असेन तर पुढच्या बाजूला थोडा वर. बार किंचित सोडलेला. आता टाचांनी कड रुतवायची, दोऱ्यांत ताण साठू लागतो. मग काइट झटक्याने मागे, १२च्या पलीकडे पाठवायचा. इथे शरीराला वाटतं की बोर्ड सपाट करून मोकळं व्हावं. तसं केलं की साठलेला सगळा ताण वाहून जातो आणि तुम्ही आडवे फरफटत जाता. काइट डोक्यावर येईपर्यंत कड धरून ठेवायची, दात ओठ खाऊन धरायची. तो १२ ओलांडतो त्या क्षणी पाय ताठ करून पाण्याला लाथ मारल्यासारखं उठायचं आणि बार पोटाकडे ओढायचा. वर गेल्यावर गुडघे छातीशी, बार तसाच. भीतीने बार सोडला तर दगडासारखं खाली यायला होतं. खाली येताना काइट पुन्हा पुढे, जायच्या दिशेला वळवायचा, बोर्डचं टोक वाऱ्याबरोबर थोडं खाली फिरवायचं आणि गुडघे नरम ठेवून उतरायचं.

वर्गात तणाव आणि घटक बल मी वर्षानुवर्षं शिकवते. ते माझ्या कंबरेतून आरपार गेल्यावर मला ते नव्याने समजलं. कड धरलेली असते तेव्हा दोरीतली ओढ आडवी असते. काइट डोक्यावर आला की तीच ओढ उभी होते. या बदलाचा नेमका क्षण साधायचा, उडी म्हणजे एवढंच. माझी पहिली उतरलेली उडी गुडघाभर उंचीची असेल, पण हवेत दोऱ्यांचा आवाज बदलतो, बोर्डखालचा सळसळाट एकदम थांबतो, तो मला स्पष्ट ऐकू आला.

उडी मारण्याआधी खाली, वारा जातो त्या बाजूला, किमान पन्नास मीटर मोकळं पाणी असल्याची खात्री करा. समोरून कुणी येत असेल तर ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याला वाट द्यायची. दोन काइट जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूचा आपला काइट उंच ठेवतो, खालचा खाली.

बॅक रोल त्यामानाने सोपा वाटला, आणि शिक्षकाने तसं आधीच सांगितलं होतं. त्याला उंची लागत नाही. काइट १२च्या जवळ शांत ठेवायचा, बोर्ड वारा येतो त्या बाजूला वळवत न्यायचा, मागच्या पायाने उसळी घ्यायची आणि मान पुढच्या खांद्यावरून मागे फिरवायची. जिकडे नजर तिकडे अंग. अर्ध्या गिरकीत पाणी दिसलं म्हणून पाहणं थांबवलं की गिरकीही तिथेच थांबते आणि पाठीवर आपटायला होतं. मान फिरवत राहायची, किनारा पुन्हा दिसेपर्यंत. बार हलवायचा नाही, हा यातला सगळ्यात अवघड भाग, कारण फिरताना हात आपोआप एका बाजूला ओढले जातात. शिक्षकाने बारच्या मधोमध दोन्ही हात चिकटून धरायला लावले आणि तो उपाय लागू पडला. २ जूनला दुपारी साडेतीनच्या सुमारास, १८ नॉटच्या वाऱ्यात, किनारा दिसला आणि बोर्ड पाण्याला लागला. स्पीकरमधून तो तमिळमध्ये काहीतरी ओरडला. मी काइट पुढे घातला आणि बरीच लांब गेल्यावर मग रडले.

काही बारीक गोष्टी. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टॉप) आणि लेगिंग्ज घाला, तिथलं ऊन आणि हार्नेसचं घर्षण दोन्ही कातडी सोलतात. तळाला शिंपले धारदार आहेत, निओप्रीनचे बूट न्या. केस घट्ट वेणीत, मोकळे केस दोऱ्यांत अडकतात. धनुष्कोडीकडे गेलात तर फोन श्रीलंकेचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद करून ठेवा. किनाऱ्यावर तटरक्षक दल आणि पोलिसांची ये-जा असते, आधार कार्ड कोरड्या पिशवीत जवळ हवं. पाळीच्या दिवसांत मी कप वापरून पाण्यात उतरले, काही अडलं नाही.

दुसऱ्या खेपेला प्रगत शिकवणीचे तासाला ३,५०० रुपये दिले, आणि स्वतःचं साहित्य असल्यामुळे उरलेले दिवस फक्त किनाऱ्यावरच्या मदतीचे पैसे. तिसऱ्या पातळीची नोंद झाली आहे. आता उजवीकडे जाताना हीच उडी बसवायची आहे. त्या बाजूला मान वळवायला अजून अर्धा क्षण उशीर होतो, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत ईशान्येच्या वाऱ्यावर जायचा बेत आहे. रजेचा अर्ज या वेळी दिवाळीपूर्वीच देणार आहे.